तळ्याकाठचे सहा दगड

सोळा नोव्हेंबर. सकाळच्या दुधाची दुसरी कढई भट्टीवर होती, दूध निम्म्यावर आलं होतं आणि मी उलथणं चालवत होते. खव्याच्या कामात अवघड काही नाही, फक्त दुधाचा गोळा होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. थांबला की दूध तळाला लागतं आणि त्याचा वास सगळ्या कढईला येतो. त्यामुळे फोन वाजला तेव्हा तो खांद्यानं कानाशी दाबून धरला.

मुलीचा होता. पुण्यात शिकते. म्हणाली, "आई, दुपारी येतीय. उद्या सकाळच्या गाडीनं कॉम्प्युटर घेऊन जाते. इथं लागतोय."

"ने की."

"त्यातलं सगळं पुसावं लागंल. मोकळा पाहिजे."

मी "बरं" म्हणाले आणि कढईच्या कडा खरवडल्या. त्या कॉम्प्युटरमध्ये माझं एक तळं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

ती गेली तेव्हा सांगून गेली होती की मशीन आठवड्यातून एकदा चालू करत जा, बंद राहिलं तर खराब होतं. मी करत होते. चालू करायचं, पडदा पुसायचा, बंद करायचं. एका दुपारी माऊस पुसताना पडद्यावरच्या एका चित्रावर क्लिक झालं आणि खेळ सुरू झाला. हा खेळ मला ऐकून माहीत होता. ती अकरावीत असताना तो यायचा होता, तर पोरगी दिवस मोजत होती. अवकाशात फिरायचं, ग्रहावर उतरायचं, वाटेल तिकडं जायचं, शेवट म्हणून नाही. आला, आणि आठ दिवसांत तिनं तो टाकून दिला. बनवणाऱ्यांनी जे जे सांगितलं होतं त्यातलं बरंच त्यात नव्हतं. जगभरच्या पोरांनी शिव्या घातल्या, हिनंही इंग्रजीतून घातल्या. मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवले होते. एक जण रडकुंडीला येऊन हिंदीत सांगत होता की यात करायला काहीच नाही, नुसतं चाला आणि दगड फोडा.

तिचा राग मला पटला होता. मी रोज दूध घेते, लॅक्टोमीटर घालून बघते. पाणी घातलेलं दूध चांगलं म्हणून दिलं तर मीही कॅन परत पाठवते. पण मला त्या खेळाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझी फसवणूक व्हायला जागाच नव्हती.

पडदा उजळला आणि मी एका जमिनीवर उभी होते. आभाळ पिवळं. गवत तांबडं, गुडघ्याएवढं. समोर तळं, इतकं मोठं की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता, आणि त्या काठामागून एक दुसरा ग्रह वर येत होता, अर्धं आभाळ व्यापून, भोवती कडं असलेला. सहा पायांची जनावरं पाण्याला आली होती. मी खुर्चीत बसले होते ती तशीच राहिले. तासाभरानं भान आलं तेव्हा हातातला फडका वाळून गेला होता.

आमचा तालुका कोरडा. इथं टँकरच्या आवाजावर बायका हातातलं काम टाकून उठतात. असं पाणी दिसल्यावर मी काय करणार? राहिले. सकाळची कढई उतरली की दुपारी एक ते पाच, संध्याकाळचं दूध येईपर्यंत, मी तिथं असायची. तळ्याला चालत वळसा घातला, त्याला चार दुपारी लागल्या. आपल्याकडं रानाच्या हद्दीला दगड पुरतात तसे कोपरे धरून सहा दगड उभे केले. खेळानं गावाचं नाव विचारलं तेव्हा 'पाणवठा' लिहिलं. इथल्या एकाही सातबाऱ्यावर माझं नाव नाही. तिथं होतं. खेळानं दिलेलं यान मोडकं होतं, ते तिथं सांगितल्याप्रमाणे दुरुस्त केलं आणि त्यात फोडलेले दगड, गोळा केलेलं सामान ठेवत गेले. कोठी म्हणून ते बरं होतं.

आमचे मालक, मुलीचे वडील, विचारायचे, "काय, आज किती एकर झालं?"

"तुम्ही मोजणीला या, मग सांगते," मी म्हणायची.

मुलगी दीडला आली. जेवली. मी आधीच सांगून टाकलं, की पुसायच्या आधी मला एकदा खेळायचंय. तिनं घास थांबवला.

"तू? कोणता खेळ?"

मी नाव सांगितलं. ती हसायला लागली. "आई, अख्ख्या जगानं शिव्या दिल्या त्याला."

"तू बी दिल्यास. म्या न्हाय."

शेजारी खुर्ची ओढून बसली. मी तिला तळं दाखवलं, दगड दाखवले, कोणत्या बाजूला जनावरं येतात ते सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "पुढच्या ग्रहावर काय काय हाय?"

"पुढच्या कोणत्या?"

"म्हंजी तू इथनं गेलीच न्हाईस? किती दिवस झाले?"

"दिवाळीच्या आधीपासनं. महिना झाला."

"आणि ते यान?"

"त्यात सामान ठेवते."

तिनं डोक्याला हात लावला. "आई, ते उडतं. खेळच तो हाय. उडून जायचं, दुसरा ग्रह, तिसरा ग्रह. महिनाभर पहिल्याच ग्रहावर कोण राहतं?"

"पाणी हाय की इथं," मी म्हणाले. "सोडून कशाला जायचं?"

असं म्हणाले खरं. पण मला आता दुसरीच काळजी लागली. उद्या सकाळी हे सगळं पुसलं जाणार, आणि ज्या जमिनीवर मी महिनाभर चालले ती वरून कशी दिसते हे मी पाहिलंच नव्हतं. साडेतीन झाले होते. पाचला दूध येतं.

सामान उतरवण्यात बराच वेळ गेला. मुलगी म्हणत होती राहू दे, मी म्हटलं भरल्या गाडीनं पहिल्यांदा घाट चढत नसतात. मग तिनं सांगितलं ते बटण दाबलं.

जमीन सुटली. गवत एका रंगाचं झालं. तळं आधी परातीएवढं झालं, मग पळीत मावेल एवढं, मग नुसतं चमकलं आणि दिसेनासं झालं. पिवळं आभाळ पातळ होत होत फाटलं आणि मागं काळं निघालं. चांदण्यांनी खच्चून भरलेलं. मी यान वळवलं. खाली गोल होता, तांबडा, पूर्ण, एकटा. चार दुपारी जिला वळसा घालायला लागल्या ती जागा त्यावर कुठं आहे हे मला सांगता येईना.

"दगड कुठं गेले?" मी विचारलं.

"आहेत खाली. थांब, नकाशा दाखवते."

तिनं काहीतरी दाबलं. ठिपके आले. म्हणाली, यातला प्रत्येक ठिपका एक सूर्य, त्याला आपापले ग्रह. ती पुढं पुढं सरकवत राहिली. ठिपके मागं जात होते आणि पुढं तेवढेच येत होते. हे कुणी हातानं काढलेलं नाही, म्हणाली. आपण जवळ गेलो की आकडेमोडीतून तयार होतं. "तुझं तळं तुझ्याआधी कुणीच बघितलेलं नसणार."

"बनवणाऱ्यानं पण?"

"त्यानं पण न्हाय."

ती सरकवतच होती. संपेल असं मला उगाच वाटत होतं.

बाहेरून मालकांचा आवाज आला, "दूध आलंय गं."

मी तेव्हा पाणवठ्यापासून फार लांब होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, संध्याकाळची कढई मी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. ओरडून सांगितलं, "तुम्ही ढवळा. हात थांबवू नका."

"कुठंय तू?"

"वर हाय."

उतरताना जागा सापडेना. सगळीकडं तांबडं गवत, तळी दुसरीच. मुलीनं उभं राहून पडद्यावर बोट ठेवलं, डावीकडं घे म्हणाली, अजून डावीकडं. तिच्या बोटाखाली पहिला दगड दिसला, मग उरलेले पाच.

"तरी पण त्यांनी फसवलंच," ती म्हणाली. डोळे पडद्यावरच होते.

"फसवलं, व्हय. बोट काढ, दिसंना."

नंतर तिनं माझा खेळ एका पेनड्राइव्हवर उतरवून दिला. मी तो लॅक्टोमीटरच्या डबीत ठेवला. बाहेर गेले तेव्हा खवा तयार होता आणि वास सांगत होता की मालकांचा हात कुठंतरी थांबला होता. मी तो वेगळ्या डब्यात भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मुलीसोबत एसटीत चढवला. खव्याचे डबे घेऊन रोज मालक भूमच्या बाजारात जातात, त्या दिवशी मी गेले. व्यापाऱ्यानं झाकणाला हात लावायच्या आधीच मी त्याला सांगितलं, "हा कालचा संध्याकाळचा. तळाला लागलाय. चव घेऊन काय लावायचा तो भाव लावा." त्यानं चिमूटभर तोंडात टाकला, माझ्याकडं पाहिलं आणि डबा वेगळा ठेवला. मग रस्ता ओलांडून कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, डबीतला पेनड्राइव्ह काढून समोर ठेवला आणि हे चालेल असं जुनं मशीन आहे का, विचारलं.

"पोरांसाठी का, ताई?"

"मला," मी म्हणाले. "आणि आधी चालवून दाखवा."