तिथं चावीला ‘शाव’ म्हणतात

लिस्बनला जायचं ठरलं ते भांडणातून. ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. बोट दुरुस्तीसाठी लिस्बनच्या गोदीत लागली आणि दादाही तिथंच लागला. आधी नोकरीला, मग लग्नाला. लग्न उरकल्यावर पत्र आलं, मुलीचं नाव फातिमा.

आमचं घर कोल्हापूरला, कसबा बावड्यात. वडील, म्हणजे आबा, साखर कारखान्यात मेस्त्री. दादाच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी माडीवर एक खोली हौसेनं बांधून घेतली होती. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी त्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी करदोट्याला बांधली. “कडबा भरीन तितं, पर त्याला पाय ठेवू द्यायचो न्हाय,” म्हणाले. राग मुसलमान सुनेचा नाही, न विचारल्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या उस्मानचाचांबरोबर त्यांचा रोजचा चहा असायचा, त्यामुळं त्यात निम्मं तरी खरं असावं.

दादानं तिघांचीही तिकिटं काढायची तयारी दाखवली. ऊसगाळपाचा हंगाम संपला होता, म्हणजे रजेची सबबही नव्हती. तरी आबा हटले नाहीत. “तुमी मायलेकी जावा.” निघायच्या आदल्या दिवशी मात्र माझ्यापुढं एक जाड वही आपटली. “रोजच्या रोज लिवायचं. तिखटमीठ लावायचं न्हाय.” मी नुकतीच बी.ए. झाले होते, लिहायची खाज होतीच. ती वही आज माझ्यासमोर आहे आणि तिच्यावरूनच हे टाइप करते आहे.

आमच्या घरातल्या रडारडीत खूष होत्या त्या एकट्या उस्मानचाचांच्या बायको, अमीनाभाभी. “नाव आमचं, सून तुमची. आता काय पळून जातीस?” असं आईला चिडवायच्या. त्यांनी सुनेसाठी घरच्या शेवयांचा डबा दिला आणि आईकडून ‘सलाम आलेकुम’ घोकून घेतलं. आईनं कोल्हापूर ते मुंबई रेल्वेत आणि तिथून पुढं विमानात, दोन्हीकडं त्याची उजळणी केली.

लिस्बनच्या विमानतळावर दादाशेजारी एक ठेंगणी, काळ्याभोर केसांची मुलगी उभी होती. आई सरळ तिच्यापुढं गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “सलाम आलेकुम!” मुलीनं हात जोडले आणि तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाली, “नमस्कार, आई!” तेव्हा मला तिच्या गळ्यातला क्रूस दिसला. दादा हसून हसून सामानाच्या गाडीवर आडवा झाला. मग त्यानं सांगितलं. फातिमा हे तिथल्या एका गावाचं नाव. तिथं येशूच्या आईचं मोठं ठाणं आहे, लोक गुडघ्यांवर चालत दर्शनाला जातात. त्यावरून मुलींना नाव ठेवतात, आपल्याकडं अंबाबाईवरून अंबू ठेवतात तसं.

“म्हंजे देवीच्या नावाची हाय,” आई म्हणाली. मग जरा थांबून, “पर अमीनाभाभीला काय सांगू गं आता?”

त्यांचं घर अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत होतं. जाणार असाल तर आधीच सांगते, सपाट तळाच्या चपला घाला. सगळं गाव टेकड्यांवर चढलेलं, बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ-साखर देता यावी. घरांच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा, त्यांवर फुलं, जहाजं, साधू. आमच्याकडं फरशी जमिनीवर असते, इथं ती गालाला लागेल अशी उभी होती. मी जाता-येता हात फिरवत राहिले. पिवळी ट्राम घरांच्या दारांना घासून जाते. तिचं भाडं अगदी किरकोळ होतं, खिडकीजवळची जागा मात्र धरावी लागते. जूनमध्ये गेलात तर जिथं तिथं दारात शेगड्या मांडून तारलीसारखे मासे भाजताना दिसतील. पावावर मासा ठेवून देतात, तेल कोपरापर्यंत ओघळतं. वहीच्या त्या पानावर अजून डाग आहे.

दादा सकाळी गोदीत जायचा. मागं आम्ही तिघी, आणि आमची भाषा फातिमाला येत नव्हती, तिची आम्हाला. पहिल्याच दिवशी आईला अंघोळीला बादली हवी होती. तिनं हातवारे केले, मग वैतागून ओरडली, “अगं बादली, बादली!”

“बाल्द?” फातिमा म्हणाली आणि बादली घेऊन आली.

आईनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं हळूच म्हटलं, “साबण?” फातिमानं “सबांव!” म्हणून साबण पुढं केला. अंघोळ राहिली बाजूला. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक वस्तू उचलू लागल्या. बटाटा तोच, अननस तोच. कोबी जरा वेगळा, पाव जरा नाकातून. टुवाल, मेज, पिंप. बी.ए.ला मी वाचलं होतं की हे शब्द पोर्तुगीजांनी आणले. पण वाचणं वेगळं आणि आपली आई परक्या मुलखात ‘घमेलं’ म्हणताच समोरची पोर आनंदानं टाळी वाजवते ते बघणं वेगळं. 

“ही तर आपलंच बोलत्या की,” आई म्हणाली.

दुपारी फातिमाला कामावर जायचं होतं. बाहेरच्या जिन्यात तिनं घराची चावी आईच्या हातात ठेवली. “शाव.”

“चावी,” आईनं दुरुस्त केलं.

“शाव.”

“शाव न्हवं गं, चावी!”

दोघीही मागं हटेनात. समोरच्या खिडकीतली म्हातारी डोकं बाहेर काढून बघायला लागली. शेवटी फातिमानं हसून आईची मूठ मिटली आणि ती पळाली. आईनं चावी कनवटीला लावली आणि पायरीवरच बसली.

“आल्या दिवशी घराची चावी दिली पोरीनं,” ती म्हणाली. “आणि आपल्या घरात तिच्या खोलीला कुलूप हाय. हे लिव. मोठ्या अक्षरात लिव.”

मी लिहिलं.

लिस्बनच्या बेलें नावाच्या भागात जरूर जा, ट्राम नदीच्या काठानं जाते. नदीला तेजू म्हणतात, पण ती नदी आहे हे दादाला तीनदा विचारलं, तेव्हा पटलं. पंचगंगा बघितलेल्या डोळ्यांना तो समुद्रच होता. काठाशी पाण्यात एक पांढरा बुरूज उभा आहे, त्याच्या दगडात दोरखंड कोरले आहेत, गाठींसकट. इथूनच पोर्तुगीजांची जहाजं आपल्याकडं यायला निघाली. तोफा घेऊन आली याचा राग यायला हवा होता आणि आलाही. पण एवढ्या पाण्यावर लाकडाची फळी टाकून, पलीकडं काय आहे हे ठाऊक नसताना निघणारी माणसं!  फातिमाचे वडील बरोबर होते, गोदीत सुतारकाम करणारे. त्यांना सगळे ‘मेश्त्र’ म्हणत. मिरचीसुद्धा याच जहाजांतून तुमच्याकडं गेली, असं त्यांनी दादाकरवी सांगितलं. आई चाट पडली. “मिरची ह्यांनी आणली? मग ह्यांच्या कालवणात का न्हाय?” संध्याकाळी तिनं त्यांना तांबडा रस्सा करून वाढला. म्हातारबुवा रडत रडत दोनदा जेवले.

शेवटच्या रविवारी दादानं आम्हाला आगगाडीनं आणि पुढं बसनं एका कड्यावर नेलं. युरोपची जमीन तिथं संपते. वारा असा की पदर धरून चालावं लागतं, स्वेटर न्याच. आई तोवर रत्नागिरीलासुद्धा गेली नव्हती, मुंबईतही आम्ही स्टेशनावरून थेट विमानतळ गाठला होता. तिनं जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला तो हा, पायांखाली खोल फुटणारा, आणि पुढं नुसता निळा, कुठंच न संपणारा.  आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मग तिनं पिशवीतनं हळद-कुंकू काढलं, समुद्राच्या दिशेनं सोडलं आणि कापूर लावायला बसली. काडी विझायची. फातिमा काही न विचारता तिच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. कापूर पेटला. मला आजवर देवळात जेवढं भरून आलं नाही तेवढं तिथं आलं.

घरी परतल्यावर आईनं आधी अमीनाभाभींना गाठलं. “किरिस्ताव हाय व्हय?” त्या म्हणाल्या. “असंना का. शेवया खाल्ल्या का न्हाय?”

“डबा चाटून पुसून दिला.”

“मग झालं की.”

 संध्याकाळी आबा अडकित्ता घेऊन बसले आणि “वाच” म्हणाले. मी वाचत गेले. मेश्त्रकडं पेटीतल्या बारक्या खिळ्याला ‘प्रेगु’ म्हणतात, हे आल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. “परेग? आमचा परेग?” जिन्यातल्या चावीचं पान आलं तेव्हा अडकित्ता थांबला. मी पान उलटलं, तरी सुपारी कातरल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी माडीवर खुडबूड ऐकू आली. दार सताड उघडं होतं आणि आबा तेलाची बुधली घेऊन बसले होते.

“बिजागरीला काय म्हणत्यात तिकडं?”

“ते विचारायचं राहिलं, आबा.”

“मग एवढी वही भरून काय लिवलंस?”

पुढं मी बरंच फिरले, पण त्या वहीसारखी दुसरी वही माझ्याकडून झाली नाही. रोज लिहा, एवढाच माझा सल्ला. आणि घरी कुणीतरी रागावून का होईना ऐकायला बसलं आहे, असं समजून लिहा.

दिवाळीत दादा आणि फातिमा आले. उंबऱ्यावर आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबा पुढं आले, सगळ्यांदेखत सदरा वर करून त्यांनी करदोट्याची गाठ सोडली आणि माडीची चावी सुनेच्या हातावर ठेवली. ती कुठल्या खोलीची, हे फातिमाला दादाकडून ठाऊक होतं. डोळे भरून आले होते तिचे. “शाव,” ती म्हणाली.

“शाव न्हवं, चावी,” आबा म्हणाले. “तुमचाच शब्द हाय पोरी, धड म्हण की.”