नारळाचे चार किलो

आधी साळवेदादांचं नाव लिहितो, मग बाकीचं. गौतम साळवे. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या वर्कशॉपचे फिटर. लेथ चालवायला त्यांनी शिकवलं, व्हर्नियरवर बारीक माप वाचायला त्यांनी शिकवलं, आणि चामटोलीला त्यांच्या घरी मी तीन वर्षं जेवलो. आठवीत शाळा सोडून कोल्हापूरकडून आलेल्या माझ्यासारख्याचं एवढं कोण करतं?

तर त्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं आणि टेस्टच्या फळीवर मुंग्यांची रांग दिसली.

साल दोन हजार सहा-सात असेल. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा रोबोट आमच्याकडे आला होता. बारा किलोचा, चार चाकांचा पसरट डबा. लाकडी रिंगणात समोरच्याला ढकलून बाहेर काढायचं, अशी स्पर्धा. टीमची लीडर मानसी, बदलापूरची. माझ्याच वयाची, एकोणीस. ती वहीत सूत्रं लिहायची आणि मी लेथवर चाकं टर्न करता करता चोरून बघायचो. त्यातलं निम्मं मला हाताने माहीत होतं. अक्षरं तेवढी अनोळखी. शाळा सुटली नसती तर, असं मनात यायचं. मग चाकाकडे बघायचो.

ढकलण्याचा जोर मोजायची पद्धत सोपी आहे. भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगकाटा भिंतीच्या हुकाला अडकवायचा, दुसऱ्या टोकाला लाकडी फळीवर ठेवलेला रोबोट बांधायचा आणि फुल स्पीडने भिंतीपासून लांब पळवायचा. काटा दाखवेल तितके किलो जोर. पण काटा का थांबला तेही बघावं लागतं. चाकं जागच्या जागी गरागरा फिरली तर पकड कमी, चाकांवरचं रबर बदला. चाकं अडून मोटर गुरगुरली तर मोटर कमी पडतेय, गिअर बदला.

पहिली टेस्ट आदल्या दिवशी झाली होती. नवं मशीन, म्हणून मी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून नारळ आणला. साळवेदादा बौद्ध. ते स्वतः नारळ फोडत नाहीत, पण मला त्यांनी कधी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "फोडायचा तर बाहेर फोड. मशीनवर पाणी नको." फोडला बाहेरच. पण मनात धाकधूक होती. अख्खी चाकं मी पहिल्यांदाच एकट्याने केली होती. आत आलो आणि करवंटीत उरलेलं पाणी गुपचूप चाकांवर, फळीवर शिंपडलं. दुपारी टेस्ट लागेपर्यंत ते वाळूनही गेलं.

काटा अकरावर गेला. चाकं जराही घसरली नाहीत, मोटर गुरगुरायला लागली. आमचे मालक हरेशसेठ म्हणाले, पकड फर्स्टक्लास आहे, गिअर बदलून टाकू. मानसीने टेस्टचा कागद भरला आणि 'चाचणी घेणारा' लिहिलं होतं तिथे मला सही करायला लावली. शाळेच्या हजेरीनंतर माझं नाव कागदावर तेव्हाच आलं. संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावाकडे शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला, आईला बोलावून सांगितलं. तिला रोबोट काही कळला नाही. म्हणाली, "मग आता गावाकडं कधी येतोस?" मी म्हटलं, जरा नाव होऊ दे.

आणि सकाळी या मुंग्या. चाकांवरसुद्धा. मी फळीला तळहात लावला. तो उचलताना जरा चिकटून निघाला, आणि मला गुऱ्हाळ आठवलं. उसाचा रस उकळायच्या काहिलीभोवती अनवाणी चाललं की पाऊल असंच चिकटून सुटायचं, तसाच बारीक आवाज करत. लहानपणी मी त्या आवाजासाठीच तिथे फेऱ्या मारायचो. थोडा वेळ मला रोबोट दिसेनाच. गावच दिसत राहिलं.

मग ओल्या फडक्याने सगळं पुसलं, कोरडं होऊ दिलं आणि काटा लावला. सात किलो. चाकं गरागरा.

म्हणजे अकरातले चार किलो नारळाच्या चिकटपणाचे होते. स्पर्धा रविवारी, मध्ये दोन दिवस, त्यात गिअर किंवा रबर, एकच काम होणार. गिअर बदलले असते तर रोबोट उगाच हळू झाला असता आणि पकड होती तेवढीच राहिली असती. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. बोललो तर सेठ घरी पाठवणार. गावाची एवढी ओढ होती, पण असं जायचं नव्हतं.

साळवेदादा आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टेस्टचा कागद हातात घेतला.

"हा आकडा कुणाचा? तुझा की नारळाचा?"

"नारळाचा."

"आणि सही?"

मी सहीवर बोट ठेवलं. "चल," म्हणाले, आणि माझ्याबरोबर सेठच्या केबिनमध्ये आले. मानसी तिथेच बसली होती.

सेठने ऐकून घेतलं. "वा, पंडितजी! अगली बार सत्यनारायण घाल, वीस किलो येतील." मग दादांना म्हणाले, याला लेथवरून काढा, झाडू मारू दे.

दादा आवाज न चढवता म्हणाले, "सेठ, चूक यानेच केली आणि यानेच पकडली. आपण मोठी माणसं अकरा बघून खूश झालो होतो."

सेठ माझ्याकडे वळले. "रबर का क्या करेगा, वो बोल."

दादांच्या ओळखीचा अंबरनाथला छापखाना होता. तिथून मशीनचा जुना शाई लावायचा रोलर आणला. त्याचं रबर मऊ असतं. त्याच्या चार रिंगा कापल्या, वरचा गुळगुळीत थर पॉलिशपेपरने घासून काढला, आणि रिंगा घट्ट बसतील अशी चाकं मी पुन्हा टर्न केली. दादा शेजारी उभे होते, पण हँडलला त्यांनी हात लावला नाही. मानसी तेवढ्यात विचारत होती, केबिनमध्ये तू म्हणालास ते गुऱ्हाळ म्हणजे नक्की काय, काहील केवढी असते. मी सांगत गेलो. इंजिनिअरिंगचं कुणीतरी मला काही विचारतंय, हे नवीनच होतं.

काटा नऊवर थांबला. मोटर दमायच्या जरा आधी चाकं घसरली. असंच पाहिजे असतं, म्हणजे मोटर जळत नाही.

स्पर्धेत रोबोटने दोन जणांना रिंगणाबाहेर काढलं. तिसऱ्या फेरीत बॅटरीची वायर निघाली आणि तो जागीच बसला. जिंकला नाही. पण चालू असताना त्याला मागे कुणी ढकललं नाही. मानसीने नव्या कागदाची झेरॉक्स आणून दिली. नऊ किलो, खाली माझी सही. 'फळीची स्थिती' या रकान्यात तिने लिहिलं होतं: कोरडी, स्वच्छ, नारळ नाही.

टेस्टच्या फळीवर काही सांडू नये, देवाचं असलं तरी. एवढंच शिकलो, आणि आजही फळी स्वतः पुसतो.

आता बदलापूरला माझा स्वतःचा लेथ आहे. गावी जाणं दोन-तीन वर्षांतून एकदा होतं. गुऱ्हाळं कमी झाली, आमच्याकडचं एक अजून लागतं. साळवेदादांनी गुऱ्हाळ कधी पाहिलेलं नाही. त्यांचे गुडघे आता दुखतात, म्हणून गाडी करूनच नेणार आहे. या हंगामात नाही तर पुढच्या, पण नेणार. गरम गूळ त्यांच्या हातावर ठेवणार, आणि चपला काढायला लावून काहिलीभोवती दोन पावलं चालवणार.