नाव घातलेला हंडा

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या खोटं बोलत नसत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळ्या गावाला त्याचा त्रास होता. मला जास्त, कारण माझ्या हातची भाजी त्यांना रोज खावी लागे. सासरे वारलेले, कारभार सगळा त्यांच्याच हाती.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तीर्थपुरीला आमच्या गोठ्यामागं एक खोली होती. ती वाटूरकडून हमालीला आलेल्या एका जोडप्याला भाड्यानं दिली होती. नवरा गोडबोल्या, बायको गरीब गाय. ती तिथंच बाळंत झाली. तिच्या न्हाणाचं पाणी तापवायला आत्याबाईंनी आपला तांब्याचा हंडा दिला. लग्नातला हंडा, काठावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलेला. परक्या बाळंतिणीला, तेही विटाळात! माझं तोंड आठ दिवस वाकडं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी आबकारीचे दरोगा शिपाई घेऊन आले. त्या गोडबोल्यानं खोलीमागं कडब्याच्या आडोशाला मोहाच्या दारूची भट्टी लावली होती. तो भिंतीवरून उडी मारून पसार झाला. भट्टीवर मात्र आमचा हंडा सापडला, नावासकट.

चोरून दारू गाळणाऱ्याला कैद होतीच, पण जाणूनबुजून जागा आणि भांडं देणाऱ्यालाही सुटका नव्हती. दरोगा भला माणूस. आत्याबाईंचं वय बघून म्हणाला, "माई, हंडा चोरी गया बोलो ना. आपका नाम निकाल देता मैं."

मी पदराआडून लगेच म्हणाले, "म्हना की आत्याबाई. तिनंच उचलून न्हेला म्हना."

ती बाई लेकराला छातीशी धरून दारात उभी होती. चोरी म्हटलं की नवऱ्याच्या जागी तिलाच धरून नेणार, हे मला कळत होतं. कळत असून मी बोलले. घरची इभ्रत वाचावी, एवढंच डोक्यात होतं.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "चोरीला न्हाई गेला. म्या दिल्ता. पोरीला न्हाऊ घालाया."

शेजारी उभे असलेले पाटील हसले. "इटाळात आपला हंडा कोन देतंय, काकू? कोन इश्वास ठिवंल?"

"नगा ठिवू."

दरोगानं विचारलं, "और भट्टी? मालूम था?"

मी मनात होते नव्हते ते सगळे देव आळवले. आयुष्यात एकदा तरी नाही म्हणा!

"दोन दिस मोहाचा वास येऊन राह्यला होता," आत्याबाई म्हणाल्या. "वली बाळंतीण कुटं बाहीर काढू? म्हनून गप बसले. बराबर ल्ह्या."

बराबर लिहिलं गेलं. अंबडच्या कचेरीतही त्यांनी तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. ती बाई सुटली. आत्याबाईंना कचेरी उठेपर्यंत तिथंच बसून राहण्याची सजा झाली आणि हंडा सरकारजमा. मी शेजारी बसले होते, पदर हनुवटीपर्यंत ओढून. त्या उघड्या तोंडानं, ताठ पाठीनं बसल्या होत्या. दुपारी त्यांनी चपराशाला त्याच्या खोकल्यावर अडुळशाचा काढा कसा करायचा ते समजावून सांगितलं. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

संध्याकाळी बैलगाडीत बसल्याबरोबर पहिलं विचारलं, "लेकराला आज न्हाऊ कोन घातलं आसंल गं?"

तो नवरा परत आला नाही. ती बाई आमच्याकडंच कामाला राहिली. पुढच्या वर्षी मी बाळंत झाले. हंडा गेलेला, म्हणून माझ्या न्हाणाचं पाणी मडक्यात तापलं, आणि ते घेऊन तीच आली. पाण्यात हात घालून बघितला आणि म्हणाली, "लई कढत न्हाई बाई, बसा."

त्या सकाळी माझं पदराआडचं बोलणं तिनं ऐकलं होतं. चार हातांवर तर उभी होती. मी मान वर केली नाही. तिनं माझी पाठ हलक्या हातानं चोळून दिली.