घुंगरं बांधलेली सायकल

गिरधरची शाळा तिसरीत सुटली. कुणी तरी त्याच्या दोस्ताला, दगाला, 'लंगड्या' म्हटलं, गिरधरनं पाटी त्याच्या डोक्यात घातली, मास्तरांनी कान पिरगाळला, आणि हा दारातनं जो निघाला तो पुन्हा फिरकला नाही. शाळा सुटली, दगा काही सुटला नाही.

दगाचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. पण हात बघावेत! चामडं त्याच्या हातात आलं की मुकाट्यानं ऐकायचं. त्या हातांमुळंच नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात त्याला काम लागलं. सरकीपासून कापूस सोडवणाऱ्या रोलावर चामडं चढवायचं, बसून करायचं काम. गिरधर तिथंच यंत्रांना तेल घालायचा. कोरीट ते नंदुरबार तीन कोस. गिरधर पळतसुद्धा गेला असता, पण दगा कसा जाणार? म्हणून त्यानं बदली झालेल्या स्टेशनबाबूची जुनी सायकल घेतली. दगा मागं कॅरियरवर, काठी मांडीवर आडवी, आणि सातच्या भोंग्याआधी दोघं फाटकात.

वाट मात्र सायकलची नव्हती, बैलगाड्यांची होती. दोन्हीकडं खोल चाकोऱ्या, मधे फुफाटा, फुफाट्यात कुंपणावरनं पडलेले बाभळीचे काटे. चाकोरीत चाक गेलं की निघत नाही, मधून जावं तर काटा. त्यात बैल. सायकल मागून गुपचूप आली की बैल बुजायचे. घंटी वाजवली की जास्तच बुजायचे.

गिरधरनं डोकं चालवलं. बैलाच्या ओळखीचा आवाज कोणता? घुंगरांचा. त्यानं घरच्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढली, दगानं ती चामड्याच्या वादीनं हँडलला आवळून बांधली.

"आते बैलेस्ले वाटी, आपलाच भाऊबंद येई ऱ्हायना," गिरधर म्हणाला.

"तू तं शेच बैल," दगा म्हणाला. "त्यास्ले खोटं वाटाव नही."

तिसऱ्याच दिवशी पुढं रतिलालची गाडी होती. रतिलाल म्हणजे कोरीटचा मोठा गुजर शेतकरी. गाडीत कापूस, आणि गाडीला जत्रेतल्या शर्यतीत धावणारी जोडी. मागून घुंगरं वाजली. शर्यतीच्या बैलाला मागून घुंगरं आली की एकच कळतं, दुसरी गाडी पुढं निघू बघतेय! जोडीनं शेपट्या उचलल्या आणि सुटली. त्यांना पुढून अडवावं म्हणून गिरधरनं जोरात पायडल मारलं. घुंगरं जोरात, तसे बैलही जोरात.

"अरे तू थांब!" दगा मागून ओरडला. "तू थांब, म्हणजे बैल थांबतीन!"

तोवर वळण आलं. गाडी आडवी झाली, आस मोडला, रतिलालचं कोपर फुटलं, कापूस बाभळींना जाऊन लागला. बैल मात्र धडधाकट. जिंकल्यासारखे फुरफुरत उभे होते.

गिरधरनं चूक कबूल केली, काट्यांतनं कापूस वेचून दिला. पण संध्याकाळी पारावर पंचांनी सांगून टाकलं, ही सायकल पुन्हा गाडवाटेवर दिसायची नाही.

"तू पायी जाय," घरी येताना दगा म्हणाला. "मन्हं मी देखसू."

"गप बठ. एकला जावाना व्हता तं सायकल कसाले लिधी?"

दुसऱ्या दिवशी दोघं गावातल्या पितांबरच्या बैलगाडीतनं गेले. पोचले तेव्हा भोंगा होऊन अर्धा तास झाला होता. जिनातला मिस्त्री दगाकडं बघेनासुद्धा. रोलाकडं बघतच म्हणाला, "उद्या भोंग्याच्या आत दिसला नाहीस, तर या जागेवर दुसरा माणूस बसेल."

गिरधरचा हात मिस्त्रीच्या गळ्याकडं निघाला होता. दगानं काठीचं टोक त्याच्या पायावर दाबलं, म्हणून राहिलं.

परत येताना नंदुरबारच्या बाजारात मोळ्या विकणाऱ्या बाया त्यांना दिसल्या होत्या. गाडी कोरीटजवळ आली, तर त्याच बाया झोपड्यांपुढं चुली फुंकत बसलेल्या! कापूस वेचायला दरसाल सातपुड्यातनं खाली उतरणारी ही माणसं. वाटेत गाडीच्या पुढं एकही गेली नव्हती. मग पोचल्या कुठून? गिरधरनं चालत्या गाडीतनं उडी मारली. मागोमाग दगालाही उतरवून घेतलं.

"फुलीमाय, तुम्ही कोनती वाटे उनात?"

फुलीबाई त्यांच्यातली वयानं मोठी. फुंकणी खाली न ठेवताच म्हणाली, "नालाना काठे. पायवाट शे. तठे गाडी जात नही."

"आनि काटा?"

"आम्हना पायमा जोडा शे का? काटा दिखना का उचलाना, बाभूयना बुडमा ठेवाना. जो तसाच सोडीसन पुढे जास, तो मांगलाना पायमा काटा भरस."

"सायकल चाली का तठे?"

"चाली. पन डोकावर मोळी ऱ्हास, मान फिरत नही. तू मांगून उना, टिणकन घंटी वाजाडी, तं मी मोळीसकट नालामा. मंग?"

दगानं झोळीतनं घुंगरमाळ काढली आणि हलवली. आदल्या दिवशी पंचांसमोर हँडलवरनं सोडलेली, तेव्हापासून त्याच्याकडंच होती.

"हाई दूरथून ऐकू येई का?"

फुलीबाईनं कान दिला. हसली. "येई. वाट रुंद शे तठे आम्ही बाजूले थांबसूत. अरुंद शे तठे तू उतर. आनि काटा दिखना तं बी उतर. कबूल?"

"कबूल," दगा म्हणाला. गिरधरनं नुसती मान हलवली. काट्यासाठी उतरायचं त्याच्या पायांना मंजूर नव्हतं.

सकाळी तांबडं फुटता फुटता सायकल नाल्याच्या काठाला लागली. गिरधरला खरंच वाटेना. ना चाकोरी, ना फुफाटा. अनवाणी पायांनी चोपून चोपून वाट घरच्या अंगणासारखी झाली होती. पुढं मोळ्यांची रांग दिसली. घुंगरं ऐकून बाया एका रुंद जागी शांतपणे उभ्या राहिल्या. कुणी दचकलं नाही, कुणाची मोळी हलली नाही.

पुढं वाटेत काटा आला. गिरधरनं त्याला वळसा घातला आणि निघाला.

"थांब," दगा म्हणाला.

"भोंगा व्हई ना भो!"

"मांगे फुलीमाय शे. अनवानी."

"तुन्ही जागा जाई तं?"

"मन्ही जागा शे, मी सांगस. थांब."

गिरधर शिव्या देत उतरला, मागं पळाला, काटा उचलून बाभळीच्या बुडाशी टाकला आणि पळत आला. दुसऱ्या काट्याला दगाला बोलावं लागलं नाही. अरुंद जागी दगा काठी टेकत चालला आणि गिरधरनं सायकल ढकलली. मग जिनाची चिमणी दिसली. धूर चढला होता. भोंगा आता कधीही. शेवटच्या मोकळ्या पट्ट्यात गिरधरनं असं पायडल मारलं की घुंगरं थांबतच नव्हती.

फाटक उघडं होतं. दगा उतरला, काठी टेकत आत गेला, आपल्या जागेवर बसला, चामडं कापायची रापी हातात घेतली. मिस्त्री आला, बघून पुढं गेला. मग भोंगा झाला.

गिरधर बाहेर भिंतीला टेकून खाली बसला. त्याला हसू आलं, ते बराच वेळ थांबेना. रात्रभर छातीवर बसलेलं ओझं कुणी तरी उचलून बाभळीच्या बुडाशी ठेवलं होतं.

दगाची जागा टिकली. मिस्त्रीला दगाशिवाय दुसऱ्या कुणाचं चामडं पसंत पडेना.

दोन वर्षांनी रतिलालनंही सायकल घेतली. गाडवाटेवर एकदाच आपटला. मग बायको सिंधुबाईला मागं आणि लेकीला पुढं दांडीवर बसवून मुकाट्यानं नाल्याच्या वाटेला आला. त्या हंगामालाही फुलीबाई खाली उतरली होती. ती मोळी डोक्यावर घेऊन वाटेच्या मधोमध उभी राहिली.

"शेठ, माळ कोठे शे?"

रतिलाल तिथनंच परत फिरला. शर्यतीच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडून घेऊन आला. बांधून द्यायला दगा लागला. दगानं वादी आवळली, आणि सिंधुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "बांधा भाऊ, घट्ट बांधा. आते तरी आम्हना बैल नीट चाली."