साच्याच्या खाचेतलं कुंकू

लग्न होऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे त्या वर्षी जगात आपल्याला न जमणारं काही नाही असं मला वाटायचं. धाड गावात आमचं सुतारकाम. वखर, तिफणी, दारं-चौकटी. एक दिवस पाटबंधारे खात्याचे साहेब आले. त्यांना मासे धरायला विलायती पद्धतीची बांबूची काठी हवी होती. बाबांनी तोंड उघडायच्या आत मी बोलून गेलो, "होऊन जाते साहेब!"

साहेब गेल्यावर बाबा म्हणाले, "बांबूले सुतार कायले हात लावते बे?"

"तुम्ही पाहाच."

"बरं. साहेबानं काठी पास केली, तर माहा रंधा तुले."

बाबांचा लोखंडी रंधा! त्याला ते कुणाला बोटही लावू देत नसत. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

ती काठी म्हणजे अख्खा बांबू नव्हे. सहा तिकोनी कांबी तासून सरसाने चिकटवायच्या; बुडाशी जाड, शेंड्याकडे निमुळत्या. त्या एकसारख्या निघाव्यात म्हणून साचा लागतो. सागवानी दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी, मधे खाच, वीतभर अंतरावर स्क्रू. स्क्रू पिळला की खाच अरुंद, सोडला की रुंद. कांब खाचेत ठेवायची आणि रंधा पट्ट्यांना टेकेपर्यंत तासायची.

साहेबांनी मापं लिहून दिली ती इंचाच्या हजाराव्या भागात. आमचं सगळ्यात बारीक माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सुताचे सव्वाशे तुकडे!" बाबा हसून हसून खोकायला लागले. साहेबांनीच दिलेलं घड्याळासारख्या तबकडीचं एक माप होतं. त्याची सुई खाचेत टेकवली की काटा खोली दाखवी. एक स्क्रू आवळावा तर शेजारचा रुसायचा, त्याची समजूत काढावी तर पलीकडचा. तीन दिवस मी त्या साच्याभोवती नाचत होतो. बायकोच्या भाकरीची जाडीसुद्धा मोजून झाली.

"उद्या माह्या नाकाले लावसान ते," ती म्हणाली.

बुडाचा भाग झाला. शेंड्यासाठी साचा नव्याने जुळवला आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. मी ऐटीत बायकोला सांगितलं, "हे आपलं सगळ्यात मोठं हत्यार हाय. पूजेत हात आखडू नको."

तिने आखडला नाही. ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं, तीही थेट खाचेत. पूजेचं कुंकू आमच्याकडे कुणी पुसत नाही, ते आपोआप झिजतं. मीही पुसलं नाही. माप आदल्या दिवशी घेतलेलंच होतं. दसरा झाल्यावर सहाच्या सहा कांबी गाणी म्हणत तासल्या आणि मग मोजल्या.

प्रत्येक कांब पाच ठिकाणी बारीक! वाळलेल्या कुंकवाने कांब वर उचलली होती आणि रंध्याने तिथे तेवढी जास्त खाल्ली होती. बांबू संपलेला. साहेबांची बदली झालेली, चार दिवसांत निघणार. मी डोक्याला हात लावून बसलो.

"तुमीच तं म्हनलं, हात आखडू नको," बायको रडवेली होऊन म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. रंधा हातचा गेल्याचं फार वाईट वाटत होतं, तरी हसू आवरेना. मग तीही हसायला लागली.

सगळ्या कांबी एकाच साच्यातल्या, म्हणून सारख्याच ठिकाणी बारीक. चिकटवल्यावर फट कुठेच नाही. त्या पाच जागी लाल रेशमी दोरा गुंडाळला, वरून रोगण लावलं.

तलावावर साहेबांनी काठीवरून बोट फिरवलं. "हे पाच ठिकाणी काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले, "सूनबाईनं पूजा केली साहेब. कुंकू खाचेत लागलं."

साहेब पाण्याजवळ गेले. त्यांनी काठी मागे नेली आणि पुढे झटकली. ती पाचही जागी लवली आणि दोरी सरसर जाऊन टोकाच्या गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकली. त्यांनी दोरी पुन्हा फेकली, पुन्हा. काठी मोडली नाही.

"पास," साहेब म्हणाले. मी चपला तिथेच टाकून बांधावरून उड्या मारत सुटलो.

रंध्याबद्दल बाबा पुढे वर्षभर चकार शब्द बोलले नाहीत. मागायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी तो पुसून, तेल देऊन पाटावर मांडला. बायको हळदीकुंकू घेऊन आली, आणि मागच्या वर्षीच्या धसक्याने बोट हवेतच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मले काय पायते सूनबाई?" बाबा म्हणाले. "बोटं कुठं लावाची ते याच्या मालकाले इचार."