तेल प्यालेल्या फळ्यांचा पाळणा

कतारला मी शटरिंगचा सुतार म्हणून गेलो. शटरिंगचा सुतार म्हणजे काय, तर काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा ठोकायचा, आणि काँक्रीट घट्ट झालं की तोच साचा पहारीनं उचकटून काढायचा. म्हणजे आयुष्यात मी जे जे बांधलं ते मीच पुढच्या आठवड्यात मोडलं. आमच्या वडलांनी केलेली दारं गावात अजून उघडतात, मिटतात. माझं एक काम कुणाला दाखवायचं म्हणलं तर दाखवणार काय? पिलरला हात लावून सांगायचं, ह्याच्या भोवती मी होतो?

फुटबॉलच्या वर्ल्डकपला तेव्हा तीनेक वर्षं होती. आम्ही एका स्टेडियमवर होतो. तिथं लाकडाचा नुसता ढीग पडायचा. मार्बलच्या पेट्या, माल उतरवायची पॅलेटं, केबल गुंडाळायची ही मोठी लाकडी चाकं. सगळं कचऱ्यात. मला ते बघवायचं नाही. स्टोअरकीपर केरळचा, भला माणूस, गेटपास लिहून द्यायचा. मग शुक्रवारी सुट्टीला मी आम्ही राहायचो त्या कॅम्पच्या मागं रंधा मारत बसायचो. कॅम्प सनायात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, त्यामुळं ठोकाठोकीचं कुणाला काय वाटायचं नाही.

पहिली वस्तू केली ती खुर्ची. पॅलेटची. कॅम्पचा सुपरवायझर खोल्या तपासायला आला तेव्हा मी मोठ्या मानानं ती पुढं केली. तो बसला, आणि खुर्ची पण बसली. दोघं एकदमच जमिनीवर. त्याला लागलं नाही, पण त्यानंतर तो आमच्या खोलीत आला की उभ्याउभ्यानंच बोलायचा. सगळे म्हणायचे, मिस्तरी, ह्याच्या चकरा कमी करायला तुझी खुर्ची बरी.

हळूहळू हात बसला. केबलच्या चाकाचं टेबल केलं, चपलांचा रॅक केला. मग एक इंजिनिअर साहेब भेटले, पुण्याचे. दोहातल्या वेस्ट बे भागात त्यांचं ऑफिस, साइटवर तपासणीला यायचे. एकदा अंगठ्यावर हातोडा बसला आणि माझ्या तोंडातनं जे मराठी बाहेर पडलं ते त्यांनी ऐकलं. तशी ओळख झाली. अबू हमूर भागातल्या त्यांच्या घरी मॅडमना झोपाळा पाहिजे होता, जुन्या लाकडाचा. मी परांचीची एक जाड फळी आणली, दोन शुक्रवार घासून घासून तिच्यावरचे सिमेंटचे डाग काढले. मॅडमनी बघितलं आणि तोंड पाडलं. म्हणाल्या, दादा, ते डागच तर छान होते. मग काय, सिमेंट कालवलं आणि ब्रशनं परत डाग पाडले. पाहुणे आले की त्या झोपाळा दाखवायच्या. "असा दुसरा कुठेच मिळणार नाही," म्हणायच्या. मी चहाचा कप धरून कोपऱ्यात उभा असायचो, आणि हे वाक्य मी पोटभर खाल्लं. तिथनंच डोकं फिरलं माझं.

आमच्या खोलीत एक बीडकडचा गडी होता. सळई बांधायचं काम. मी साचा ठोकायचो, तो त्याच्यात सळया बांधायचा, म्हणजे दिवसभर आमची डोकी एकाच खड्ड्यात. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. कमी बोलायचा. सुट्टीवरनं परत आला तेव्हा बायकोला दिवस गेलेले होते, आणि पुढं मुलगी झाली ती त्यानं फोनवरच बघितली. त्यानं घरी निरोप दिला, बारसं मी आल्यावरच करायचं, माझी पोरगी मीच पाळण्यात घालणार. तिकडं सासरवाडीत कुरकुर झाली, पण थांबले. बाराव्या दिवसाचं बारसं तिसऱ्या महिन्यावर गेलं. पोरीला तोवर सगळे नुसतं छकुली म्हणायचे.

फोरमननं त्याला महिन्याची सुट्टी काढून दिली. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, मिस्तरी, पाळणा करून देतोस का? सुटा करून सामानात नेता येईल असा.

इथं माझं शहाणपण सुरू झालं. साध्या पॅलेटच्या लाकडाचा केला असता तर तीन शुक्रवारांत पाळणा झाला असता. पण माझ्या डोक्यात आलं, आपण दोघं ज्या फळ्यांवर राबलो त्याच फळ्यांचा करायचा. स्टेडियमच्या साच्याच्या फळ्यांचा. असा पाळणा दुसरा कुठं मिळणार नाही. मी त्याला हे सांगितलं तर तो हसला, तुला बरं वाटेल तसं कर म्हणाला.

केला. हातानं दांडे गोल केले, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जाऊन पितळेची घुंगरं आणली, कडांना वेलबुट्टी कोरली. बघायला खोल्याखोल्यांतनं माणसं यायची. मग व्हार्निश मारलं. दुसऱ्या दिवशी हात लावला, चिकट. वाळायचं असेल म्हणलं. चौथ्या दिवशी पण चिकट. आठव्या दिवशी त्याच्यावर दोन माश्या आणि कुणाच्या तरी बनियनचा दोरा.

साच्याच्या फळीला काँक्रीट चिकटू नये म्हणून आम्ही तेल लावतो. दर वेळी लावतो, रोलर भरभरून. ती फळी वर्षभर तेल पिते. तिच्यावर काँक्रीट चिकटत नाही तिथं व्हार्निश काय चिकटणार? हे ज्याला कळत नाही तो शटरिंगचा सुतार कसला. आणि ते तेल त्या फळ्यांना रोज कोण लावत होतं, तर मीच. हुंगून बघितलं तर सगळा डिझेलचा वास.

त्याच्या विमानाला दहा दिवस राहिले होते. तो शांतपणे म्हणाला, व्हार्निश राहू दे, पॅलेटच्या लाकडाचा साधा करून दे, चार फळ्या आणि दोन दांडे, बास. दहा दिवस साध्या पाळण्याला पुष्कळ होते.

मी नाही म्हणलं.

मी म्हणलं, साधा पाळणा बीडच्या बाजारात पण मिळतो. थोडा दम धर. सगळं तासून काढतो, तेल उतरवतो, परत पॉलिश करतो. तू सुट्टी पंधरा दिवस पुढं ढकल. बारसं काय तुझ्याशिवाय होणार आहे? तीन महिने थांबलेत, पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?

तो म्हणाला, "बरं. तू म्हणायलास तर."

त्यानं फोरमनला सांगून बदली केली. एका बिहारी गड्याची सुट्टी पंधरा दिवसांनंतरची होती, त्यानं ह्याची घेतली, ह्यानं त्याची. बिहारी खुशीत घरी गेला. मी रंधा घेऊन बसलो.

बिहारी गेल्यावर आठव्या दिवशी ऑफिसात कागद लागला. हँडओव्हर, म्हणजे स्टेडियम ताब्यात द्यायचं, जवळ आलंय, ते होईपर्यंत सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. मला वाचता येत नाही. मी कागदापुढं उभा राहून, जेवणात काय बदललंय का, असं विचारत होतो. दोघंतिघं माझ्याकडं बघायला लागले. मग एकानं वाचून सांगितलं.

मी फोरमनकडं गेलो. म्हणलं, चूक माझी आहे, एवढ्याला सोडा. तो म्हणाला, यादी वर गेली, खलास, आता माझ्या हातात नाही. मग विचारलं, कशाला सुट्टी बदलून घेतली होती? मी पाळण्याचं सांगितलं. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून परत घातलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सासरवाडी मात्र आता थांबेना. पोरगी कूस बदलायला लागली होती, बारसं काय ती चालत आल्यावर करायचं? एका शुक्रवारी दुपारी बारसं ठरलं, फोनवरनं. आमच्या खोलीत सगळे जमले. त्यानं नवा शर्ट घातला, केस विंचरले, आणि खोलीतल्या खोलीत बूट घातले. फोनमध्ये बूट थोडेच दिसणार? पण घातले.

आणि मी काय केलं? मला वाटलं, वातावरण पाहिजे. मी तो पाळणा आणला, अजून चिकटच, आणि त्याच्या मागं वरच्या पाइपला टांगला. फुगे लावले. ते लावायला दोरा पण लागला नाही, आपोआप चिकटले.

फोन लागला. तिकडं शेजाऱ्यांकडनं मागून आणलेला पाळणा होता, साडी गुंडाळलेला. बायका पाळणा म्हणत होत्या, मधेमधे आवाज तुटायचा. त्याच्या बहिणीनं पोरीच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. नाव त्यानंच कळवलेलं होतं, पण ते ऐकताना तो असा मान वाकडी करून कान पुढं करत होता की जसं त्याला पहिल्यांदाच कळणार आहे.

तेवढ्यात त्याच्या सासूबाई फोनजवळ आल्या. डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "ते मागं काय हाय? पाळणा हाय का? मग पाळणा तयार असून जावई आले का न्हाईत?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पाळण्याकडं बघितलं. एक फुगा पण फुटेना.

तो म्हणाला, "सुट्टी नाही भेटली, मामी. कंपनीचं काम आहे. कुणाच्या हातात नसतं."

कुणाच्या हातात नसतं. ते माझ्या हातात होतं, त्याला माहीत होतं, खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यानं मागं वळून पण बघितलं नाही. फोन बंद झाल्यावर बूट काढले, शर्ट घडी घालून पेटीत ठेवला, आणि मला विचारलं, मिस्तरी, चहा टाकू का?

त्यानं एकदा तरी भांडायला पाहिजे होतं. मी पुष्कळ वाट बघितली. त्याला चिडवायला मुद्दाम सळयांत आडवा यायचो. तो म्हणायचा, सरक जरा.

पुढं मी त्या फळ्या टाकून दिल्या आणि पॅलेटच्या लाकडाचा पाळणा केला. महिन्याभरात झाला. चांगला झाला, हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण वाईट काय केलं ते पण मीच सांगितलंय. त्यानं एकदा हलवून बघितला, छान झालाय म्हणाला. तोवर पोरगी बसायला लागली होती. पाळणा खोलीत टांगलेला राहिला. आधी कांदे, मग मोजे, मग कुणीतरी त्यात चार्जिंगला फोन ठेवायला लागलं. शेवटी अबू हमूरच्या मॅडमनी माझ्या फोनवर त्याचा फोटो बघितला आणि पाळणा मागितला. त्यांच्या गॅलरीत आता त्यात झाडं आहेत. त्या म्हणाल्या, दादा, सगळे विचारतात कुठून आणला. मी म्हणलं, सांगा, बीडला जाता जाता राहिला.

त्याला सुट्टी मिळाली तेव्हा पोरगी पळत होती. मी विचारलं, तिच्यासाठी काय करू? घोडा करतो, हलणारा. सागाची एक फळी आहे माझ्याकडं, तेल न लावलेली, मी हुंगून बघितलीय.

तो कपडे भरत होता. म्हणाला, "तू चांगलाच करशील, मिस्तरी. पण माझं विमान मंगळवारी आहे."

संध्याकाळी तो बाजारात गेला आणि प्लास्टिकची तीनचाकी सायकल घेऊन आला. लाल, खोक्यात बंद, बाहेर तिचं चित्र. तशा दुकानात पन्नास तरी असतील. खोकं एका कोपऱ्यात फाटलं होतं. मी विचारलं, दोरी बांधू का? तो म्हणाला, बांध.

मी बांधली. तो घड्याळाकडं बघत शेजारी उभा राहिला, झाली का, झाली का, असं दोनदा विचारलं. झाली म्हणलं. मग त्यानं गाठ ओढून बघितली आणि खोकं उचललं.