बोअरला तेल लागलं

वळसंगच्या काकांच्या बोअरचं पाणी डिझेलसारखा वास मारायला लागलं. पाणी लागतं तसं तेल लागलं, असं धरून काकांनी बोअरला हार घातला, नारळ फोडला आणि मला बोलावून घेतलं, कारण मी सोलापुरात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो.

हार बघूनच माझं डोकं फिरलं. तेल असं कुठंही लागत नाही, मी म्हणालो. समुद्रतळाच्या गाळात बारीक जीव गाडले जातात, उष्णतेनं आणि दाबानं त्यांचं तेल आणि वायू होतात, ते वर सरकतात आणि घट्ट खडकाखाली अडकून साठतात. आपल्या रानाखाली लाव्हाचा काळा पाषाण आहे. हे डिझेल शेजारच्या पेट्रोल पंपाच्या फुटक्या टाकीतून झिरपलंय.

काका हार सारखा करत राहिले.

"म्हंजे पाणीबी गेलं म्हण की," ते म्हणाले.